नैराश्यावर औषधाविना उपचार

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटला नाव मिळाले ते होसूर आणि सरजापूर या दोन रस्त्यांवरून. सात सेक्टरांच्या या वसाहतीत नवउद्योगांची कार्यालये, पेइंग गेस्टच्या इमारती आणि भाड्याच्या सदनिका एकमेकींना खेटून उभ्या आहेत. कामासाठी घर सोडून आलेल्या तरुणांची ही वस्ती आहे आणि त्यांत मराठी तरुणही आहेत. होसूर रस्त्यानेच शहराच्या दिशेने काही किलोमीटर गेले की राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्था, म्हणजे निम्हान्स लागते. नैराश्याच्या गोळ्या न घेता नैराश्य बरे होते का, या प्रश्नाचा पुरावा शोधायला त्यामुळे फार दूर जावे लागत नाही. काही पुरावा निम्हान्समध्ये आहे, आणि सर्वांत भक्कम पुरावा गोव्यातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आहे.

औषध न घेणे आणि औषधाविना उपचार घेणे या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिल्या गोष्टीत पुष्कळदा केवळ दुर्लक्ष असते. दुसरीत ठरलेली पद्धत, ठरलेला कालावधी, शिकलेला माणूस आणि मोजमाप असते. पुढील विवेचन दुसऱ्या गोष्टीचे आहे.

नैराश्य म्हणजे नेमके काय

एखाद्या घटनेने मन खट्टू होणे आणि चार दिवसांत सावरणे हे नैराश्य नव्हे. किमान दोन आठवडे, दिवसाचा बहुतेक वेळ आणि जवळजवळ रोज मन उदास राहणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी निदान एक लक्षण असावे लागते. त्याच्या जोडीला झोप बिघडणे, भूक कमी-जास्त होणे, सतत थकवा, एकाग्रता न होणे, स्वतःला दोष देणे, हालचाल मंदावणे किंवा अस्वस्थ येरझारा, मरणाचे विचार यांपैकी काही लक्षणे असतात आणि त्यांमुळे काम, घर, नाती यांत अडथळा येतो. घरात हे क्वचितच ‘नैराश्य’ म्हणून सांगितले जाते. ‘मन लागत नाही’, ‘डोकं जड झालंय’, ‘काही करावंसंच वाटत नाही’ अशी ती तक्रार असते. पुष्कळदा तर ती अंगदुखी आणि अशक्तपणा म्हणून फॅमिली डॉक्टरकडे पोहोचते.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दर वीस प्रौढांपैकी सुमारे एकाला आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येऊन गेलेले किंवा सुरू असलेले आढळले. त्यांपैकी सुमारे ८५ टक्के लोकांना कोणताही उपचार मिळत नव्हता. म्हणजे ‘गोळी की संभाषण’ हा वाद ज्यांच्यापर्यंत पोहोचतो ती माणसे थोडी आहेत. बहुसंख्यांना दोहोंपैकी काहीच मिळत नाही.

तीव्रता कशी मोजतात

औषधाविना उपचार चालेल का, हे प्रथम तीव्रतेवर ठरते. त्यासाठी जगभर सर्वाधिक वापरली जाणारी प्रश्नावली पीएचक्यू-९ ही आहे. तिच्यात नऊ प्रश्न असतात, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, एवढेच ती विचारते. ५ ते ९ गुण म्हणजे सौम्य, १० ते १४ मध्यम, १५ ते १९ मध्यम-तीव्र आणि २० पासून पुढे तीव्र, अशी ढोबळ विभागणी आहे. नववा प्रश्न मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल असतो. त्याचे उत्तर शून्य नसेल तर एकूण बेरीज कितीही कमी असली तरी त्याच दिवशी सविस्तर विचारपूस व्हायला हवी.

प्रश्नावली निदान करत नाही, ते तज्ज्ञाचे काम आहे. पण ती एक मोठी सोय करते. दर दोन आठवड्यांनी तीच प्रश्नावली भरली की उपचार लागू पडतो आहे की नाही, हे आकड्यांत दिसते. गोळी न घेणाऱ्याने तर हे मोजमाप कधीच सोडू नये, कारण ‘थोडे बरे वाटतेय’ या मोघम भावनेवर महिने वाया जाऊ शकतात.

आधी शरीराची तपासणी

थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय, बी-१२ जीवनसत्त्वाची उणीव, दीर्घकालीन मद्यपान, काही औषधांचे दुष्परिणाम यांतून नैराश्यासारखीच लक्षणे दिसतात. शाकाहारी घरांत बी-१२ ची उणीव पुष्कळ आढळते. साध्या रक्तचाचणीने हे कळते आणि कारण तेच असेल तर त्यावरच उपचार होतो. दुसरी चौकशी अधिक महत्त्वाची असते. पूर्वी कधी कित्येक दिवस झोप न घेताही अतिउत्साह, बेसुमार खर्च, अखंड बडबड, मोठमोठ्या योजना असा काळ येऊन गेला आहे का? तसे असेल तर आजचे नैराश्य द्विध्रुवी विकाराचा भाग असू शकते, आणि त्याचा मार्ग वेगळा असतो.

गोळ्या प्रथम कधी लागत नाहीत

ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत कमी तीव्रतेच्या नैराश्यात पहिला उपचार म्हणून सरसकट गोळ्या देऊ नयेत, असे म्हटले आहे. जागतिक आरोग्य संघटनेची भूमिकाही सौम्य नैराश्यापुरती तशीच आहे. यामागे तर्क आहे. सौम्य नैराश्यात खरी गोळी आणि नकली गोळी यांच्या परिणामांतला फरक थोडा असतो. तीव्रता वाढते तसा तो फरक वाढत जातो. मध्यम तीव्रतेत बोलण्यावर आधारलेल्या पद्धती आणि गोळ्या यांचा पहिल्या काही महिन्यांतला परिणाम साधारण सारखा येतो, आणि दोन्ही एकत्र दिल्यास तो एकट्या कोणत्याही उपचाराहून चांगला असतो. मानसोपचार संपल्यानंतरही त्याचा लाभ बराच काळ टिकतो. गोळ्या थांबवल्यावर मात्र नैराश्य परतण्याचे प्रमाण जास्त दिसते. रुग्ण काहीतरी शिकतो आणि ते शिकलेले त्याच्यापाशी राहते, हे त्याचे कारण मानले जाते.

कृतीला चालना देणारा उपचार

औषधाविना उपचारांत सर्वांत साधी आणि तरीही सर्वांत कमी ओळखली गेलेली पद्धत म्हणजे बिहेविअरल ॲक्टिव्हेशन. १९७० च्या दशकात चार्ल्स फर्स्टर आणि पीटर लेविन्सन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी तिचा पाया घातला. त्यांचे म्हणणे असे होते: माणूस उदास होतो तेव्हा तो हळूहळू एकेक गोष्ट सोडतो. फिरणे, मित्र, स्वयंपाक, फोन. प्रत्येक गोष्ट सोडल्यावर क्षणभर सुटल्यासारखे वाटते, म्हणून टाळणे वाढते. पण सोडलेल्या प्रत्येक गोष्टीबरोबर समाधानाचा एक स्रोतही आटतो, आणि उदासी आणखी वाढते. या चक्रात इच्छा होण्याची वाट पाहिली तर ती होतच नाही. म्हणून क्रम उलटा लावायचा असतो, आधी कृती आणि मग इच्छा. कोरड्या हातपंपात वरून तांब्याभर पाणी ओतल्याशिवाय तो पाणी ओढत नाही, तसे हे आहे.

पद्धतीचे काम कागदावर चालते. उदाहरणादाखल एचएसआरमधील एखाद्या पीजीत राहणारा, घरूनच काम करणारा अभियंता घेता येईल. पहिल्या आठवड्यात त्याला काहीही बदलायचे नसते, फक्त नोंद ठेवायची असते: वेळ, काय केले, आणि मनःस्थितीला ० ते १० पैकी गुण. रविवारची नोंद अशी दिसेल. सकाळी दहापर्यंत अंथरुणात मोबाइल, २. बाहेरून मागवलेले जेवण खोलीतच, ३. दुपारी दोन ते पाच झोप, उठल्यावर २. संध्याकाळी दूध आणायला खाली उतरला, दुकानदाराशी दोन वाक्ये बोलला, ४. आईचा फोन उचलला नाही, २. कोरडा दिसणारा हा तक्ता बरेच सांगून जातो. ‘दिवसभर सारखेच वाईट वाटते’ ही समजूत त्यातून खोटी ठरते. दोन मजले उतरून माणसांत गेल्यावर गुण दोनाने वाढले आणि फोन टाळल्यावर ते पुन्हा घसरले, हे त्याला स्वतःच्या हस्ताक्षरात वाचायला मिळते.

दुसऱ्या आठवड्यापासून कृतींची आखणी होते. त्या अगदी लहान ठेवाव्या लागतात. ‘रोज एक तास व्यायाम’ ही आखणी तिसऱ्या दिवशी मोडते आणि अपराधीपणा वाढवते. ‘सव्वासातला बूट घालून जवळच्या आगरा तलावाच्या फाटकापर्यंत जायचे, मन असो वा नसो’ ही आखणी टिकते. मोबाइलचा चार्जर पलंगापासून दूर ठेवणे, सकाळच्या बैठकीत कॅमेरा सुरू ठेवणे, बुधवारी आईला आपणहून फोन करणे अशा पायऱ्या मग जोडल्या जातात. काही कृती आनंदाच्या असतात आणि काही केवळ तुंबलेले काम हलवणाऱ्या. दोन्ही लागतात. चौथ्या-पाचव्या भेटीपासून कोणत्या प्रसंगी टाळाटाळ होते आणि तिच्या जागी काय करायचे, हे शिकवले जाते.

२००६ मध्ये सिएटलमधील एका चाचणीत २४१ रुग्णांवर ही पद्धत, विचारांवर काम करणारी पद्धत आणि पॅरॉक्सेटीन ही गोळी यांची तुलना झाली. तीव्र नैराश्याच्या रुग्णांत कृतीची पद्धत गोळीच्या बरोबरीने उतरली. पुढे २०१६ मध्ये ब्रिटनमधील ४४० रुग्णांच्या चाचणीत, थोडे प्रशिक्षण घेतलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी दिलेली ही पद्धत अनुभवी मानसोपचारकांनी दिलेल्या, विचारांवर काम करणाऱ्या सीबीटी या पद्धतीपेक्षा कमी ठरली नाही आणि तिला खर्चही कमी आला.

गोव्यातील प्रयोग

हीच पद्धत भारतीय आरोग्य केंद्रात चालेल का, याचे उत्तर ‘संगत’ या संस्थेने दिले. १९९६ मध्ये गोव्यात सुरू झालेली ही संस्था मुंबईत जन्मलेले मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. तिच्या ‘हेल्दी ॲक्टिव्हिटी प्रोग्राम’मधील समुपदेशक डॉक्टर नव्हते आणि मानसशास्त्राचे पदवीधरही नव्हते. ती गावा-वाड्यांतील सामान्य माणसे होती. त्यांना सुमारे तीन आठवडे वर्गात शिकवले गेले, नंतर काही महिने प्रत्यक्ष काम करवून घेतले गेले. पुढेही त्यांच्या बैठका ध्वनिमुद्रित करून सहकाऱ्यांनीच त्यांना गुण देण्याची रीत ठेवली गेली.

दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत पीएचक्यू-९ वर १४ पेक्षा अधिक गुण असलेल्या ४९५ प्रौढांवर चाचणी झाली. म्हणजे हे सौम्य नैराश्य नव्हते. निम्म्यांना नेहमीचे उपचार अधिक काळजीपूर्वक मिळाले. उरलेल्यांना त्याशिवाय सहा ते आठ बैठका, प्रत्येकी अर्धा ते पाऊण तासाच्या, केंद्रात किंवा घरी दिल्या गेल्या. तीन महिन्यांनी बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, नेहमीच्या उपचारांच्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. २०१७ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतरही लाभ टिकून होता.

हा आकडा दोन्ही बाजूंनी वाचावा लागतो. विशेष काही न मिळताही ३९ टक्के बरे झाले, म्हणजे काळ आणि साधी काळजीही काम करते. आणि उत्तम रीतीने बैठका मिळूनही ३६ टक्के बरे झाले नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी पुढची पायरी तयार हवी. तरीही प्रस्तुत लेखकाच्या मते भारतातील मानसिक आरोग्याच्या इतिहासात या प्रयोगाचे मोल फार मोठे आहे. तज्ज्ञ नाहीत म्हणून उपचार नाहीत, हे कारण त्याने मोडीत काढले.

विदर्भात अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम याच विचाराने राबवला गेला. शेतकरी आत्महत्यांची पार्श्वभूमी असलेल्या या गावांत नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचे प्रमाण दीड वर्षात ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावातील आरोग्य कार्यकर्ता, त्याच्या वर समुपदेशक आणि गरज पडली तरच मनोविकारतज्ज्ञ, अशी ती उतरंड होती.

विचारांवर काम: सीबीटी आणि विवेकनिष्ठ उपचार

आरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेली सीबीटी आणि अल्बर्ट एलिस यांनी १९५५ पासून विकसित केलेली आरईबीटी, म्हणजे विवेकनिष्ठ उपचारपद्धती, या दोन पद्धती सख्ख्या बहिणींसारख्या आहेत. घटना नव्हे, तर घटनेचा लावलेला अर्थ माणसाला खचवतो, हे दोहोंचे सूत्र. वरच्या उदाहरणातील अभियंत्याला वरिष्ठाने कामावर ‘हे पुन्हा पाहा’ एवढाच शेरा दिला. त्याच्या मनात आले: मी नालायक आहे, मला काढून टाकणार. सीबीटीत या विचाराचा पुरावा तपासला जातो. गेल्या सहा महिन्यांत असे शेरे किती आले, इतरांना येतात का, पूर्वी अशा शेऱ्यानंतर काय झाले? आरईबीटी एक पायरी आणखी खाली उतरते. ‘मला प्रत्येक वेळी जमलेच पाहिजे, नाहीतर माझी किंमत शून्य’ या हट्टी मागणीलाच ती हात घालते.

साधारण बारा ते वीस बैठका, प्रत्येक आठवड्याला लिहून करायचा गृहपाठ, आणि शेवटी परतीच्या धोक्याची तयारी, असा क्रम असतो. आरईबीटीची मराठीतली परंपरा समृद्ध आहे. मुंबईच्या कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, इतरांना शिकवली आणि तिच्यावर मराठीत पुस्तके लिहिली. डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये ठाण्यात सुरू केलेल्या आयपीएच संस्थेनेही ही विचारपद्धती मराठी घरांत पोहोचवली. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला याचा थेट उपयोग आहे. मनातले मातृभाषेत सांगता येणे हा उपचाराचा छोटा भाग नाही, आणि व्हिडिओवरून बैठका घेता येत असल्यामुळे मराठी उपचारक बंगळुरूतच शोधला पाहिजे असे राहिलेले नाही.

मर्यादाही आहेत. नैराश्य तीव्र असेल, दोन वाक्ये सलग वाचवत नसतील, तर विचार तपासण्याची ताकदच उरलेली नसते. तेव्हा आधी कृतीची पद्धत किंवा गोळ्या, आणि नंतर हे काम, असा क्रम लागतो.

नात्यांवर काम

जवळच्या माणसाचा मृत्यू, नवरा-बायकोतील ताण, नोकरी वा शहर बदलणे, एकाकीपणा यांपैकी एखाद्या गोष्टीशी नैराश्य थेट जोडलेले दिसते तेव्हा इंटरपर्सनल थेरपी उपयोगी पडते. जेराल्ड क्लेरमन आणि मिर्ना वाइसमन यांनी ती विकसित केली. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युगांडातील चाचणीत खेड्यांतील स्त्री-पुरुषांना ती गटात दिली गेली आणि तिचा परिणाम चांगला आला.

व्यायाम

२०२४ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २१८ चाचण्यांचा आणि चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा एकत्र आढावा प्रसिद्ध केला. चालणे-धावणे, योग आणि स्नायूंची ताकद वाढवणारे व्यायाम यांचा नैराश्यावर मध्यम स्वरूपाचा परिणाम त्यात दिसला. श्रम जास्त तसा लाभही जास्त होता. मात्र यांतील बऱ्याच चाचण्या लहान आहेत. व्यायाम करणाऱ्याला आपण व्यायाम करतो आहोत हे माहीत असतेच, त्यामुळे नकली गोळीसारखी तुलना करता येत नाही. मिळालेला परिणाम म्हणून थोडा फुगलेला असू शकतो.

व्यवहारात आठवड्यातून तीन ते पाच दिवस, अर्धा-पाऊण तास, बोलताना किंचित धाप लागेल अशा गतीने, किमान दोन-तीन महिने, हे प्रमाण साधारण मानले जाते. बंगळुरूचे समशीतोष्ण हवामान आणि एचएसआरच्या कडेचा आगरा तलाव यांमुळे सकाळी चालणे तेथे शक्य आहे. सकाळच्या उजेडाचा आणखी एक लाभ असा की शरीराचे घड्याळ जागेवर येते. रात्री दोनपर्यंत परदेशी ग्राहकांच्या बैठका घेणाऱ्यांत ते बिघडलेले असते. नैराश्यात न सुटणारी अडचण एकच, सुरुवात होत नाही. त्यामुळे ‘व्यायाम करा’ हा सल्ला एकटा दिला तर तो बहुतेक वेळा वाया जातो. कृतीच्या तक्त्यात बसवून आणि कुणाची तरी सोबत ठरवून दिला तर तो टिकतो.

योग आणि श्वसन

निम्हान्समध्ये योगाचा अभ्यास दीर्घकाळ चालू आहे. २००० मध्ये प्रसिद्ध झालेला तेथील एक अभ्यास वारंवार उद्धृत होतो. गंभीर स्वरूपाच्या नैराश्यासाठी दाखल झालेल्या ४५ रुग्णांचे पंधरा-पंधराचे तीन गट केले गेले. एकाला सुदर्शन क्रिया ही श्वसनाची पद्धत, दुसऱ्याला इमिप्रामीन ही जुनी नैराश्यरोधी गोळी आणि तिसऱ्याला विद्युत् उपचार (ईसीटी). चार आठवड्यांनंतर नैराश्य ओसरलेल्यांचे प्रमाण अनुक्रमे ६७, ७३ आणि ९३ टक्के निघाले.

या अभ्यासाचा उपयोग पुष्कळदा योग गोळीइतकाच चांगला, एवढे एकच वाक्य सांगण्यासाठी होतो. पंधरा जणांच्या गटात एक रुग्ण इकडचा तिकडे झाला की टक्केवारी जवळजवळ सातने बदलते. रुग्ण रुग्णालयात, तज्ज्ञांच्या नजरेखाली होते. आणि सर्वांत प्रभावी ठरला तो विद्युत् उपचार, हे सांगायचे राहून जाते. योगाकडे पूरक उपचार म्हणून पाहणे योग्य, सौम्य नैराश्यात मुख्य उपचारांपैकी एक म्हणूनही. तीव्र नैराश्यात घरच्या घरी केवळ त्यावर विसंबणे या अभ्यासाने समर्थनीय ठरत नाही.

झोप

नैराश्यात झोप बिघडते आणि बिघडलेली झोप नैराश्य वाढवते. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवणे, दुपारची झोप टाळणे, पलंगावर बसून काम न करणे, झोप न लागल्यास उठून दुसरीकडे बसणे, हे निद्रानाशावरील सीबीटीचे मुख्य नियम आहेत. एका खोलीच्या पीजीत पलंग हेच कार्यालय असते, तेथे निदान एक खुर्ची वेगळी ठेवण्याने बराच फरक पडतो.

यंत्राने होणारे उपचार

औषधाविना उपचार सगळेच सौम्य नसतात. आरटीएमएस या पद्धतीत डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून चुंबकीय स्पंदने मेंदूच्या पुढच्या भागावर सोडली जातात. भूल लागत नाही, आठवड्यातून पाच दिवस, साधारण चार ते सहा आठवडे असा क्रम असतो. गोळ्यांनी गुण न आलेल्या रुग्णांसाठी ती प्रामुख्याने वापरली जाते. अपस्मार असणाऱ्यांना किंवा डोक्यात धातूचे रोपण असलेल्यांना ती देताना विशेष विचार करावा लागतो.

ईसीटी, म्हणजे विद्युत् उपचार, १९३८ पासून वापरात आहे. चित्रपटांनी त्याची जी भीती बसवली आहे ती अनाठायी आहे. आज तो भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध देऊनच केला जातो, आणि त्याशिवाय करण्यास २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने मनाई केली आहे. अन्नपाणी सोडलेला, आत्महत्येचा तीव्र धोका असलेला किंवा भ्रम झालेला रुग्ण यांच्यासाठी तो सर्वांत लवकर गुण देणाऱ्या उपचारांपैकी आहे. काही काळ स्मरणशक्तीत अडथळे येतात, हा त्याचा मुख्य दुष्परिणाम.

‘नैसर्गिक’ गोळ्या

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती अनेक ठिकाणी नैराश्यासाठी विकली जाते. तिचा काही परिणाम चाचण्यांत दिसला आहे, पण ती यकृतातील विकरांना चालना देऊन गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारी औषधे आणि इतर अनेक औषधे निकामी करते. नैराश्यरोधी गोळ्यांबरोबर घेतल्यास सेरोटोनिन धोकादायक पातळीवर वाढू शकते. वनस्पतीतून आलेले औषध हेही औषधच असते, त्याची माहिती डॉक्टरांना द्यावीच लागते.

औषधाशिवाय कधी भागत नाही

काही परिस्थितींत औषध नको हा आग्रह जिवावर बेतू शकतो. आत्महत्येचा निश्चय किंवा योजना, जेवणखाण बंद होणे, कानात आवाज येणे वा भ्रम, द्विध्रुवी विकार, बाळंतपणानंतरचे तीव्र नैराश्य, पूर्वी वारंवार आलेले तीव्र झटके, आणि सहा ते आठ आठवडे नीट उपचार होऊनही गुण न येणे, या त्या परिस्थिती. येथे औषधे किंवा ईसीटी हा पहिला मार्ग आहे आणि मानसोपचार त्याच्या जोडीला.

आधीच सुरू असलेल्या गोळ्या एकाएकी बंद करणे ही वेगळी आणि नेहमी घडणारी चूक आहे. चक्कर, मळमळ, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटणे, चिडचिड, झोप उडणे असे त्रास त्याने होतात आणि ते आजार परतल्यासारखे भासतात. मात्रा डॉक्टरांच्या देखरेखीखाली, आठवड्यांच्या किंवा महिन्यांच्या हिशेबाने उतरवली जाते. तोपर्यंत मानसोपचार सुरू झालेला असणे सर्वांत सुरक्षित.

मरणाचे विचार येत असलेल्या व्यक्तीबरोबर एक लेखी योजना तयार केली जाते: विचार वाढू लागल्याची पहिली खूण कोणती, तेव्हा काय करायचे, कोणाला फोन करायचा, घरातील घातक वस्तू कोणाच्या ताब्यात असतील. घरच्यांनी सरळ शब्दांत विचारल्याने असे विचार वाढत नाहीत. उलट बोलता आल्याने ताण हलका होतो.

उपचार कोण देतो, कोठे मिळतो

मनोविकारतज्ज्ञ डॉक्टर असतात आणि औषध लिहू शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणीकृत असतात आणि मानसोपचार देतात. समुपदेशक या नावाखाली मात्र अत्यंत वेगवेगळ्या शिक्षणाची माणसे काम करतात. म्हणून शिक्षण कोणते, पद्धत कोणती, किती बैठका, प्रगती कशी मोजणार, हे चार प्रश्न पहिल्या भेटीतच विचारणे रास्त आहे. चांगला उपचारक त्यांची उत्तरे आनंदाने देतो.

एचएसआरपासून निम्हान्सचा बाह्यरुग्ण विभाग फार दूर नाही. त्याखेरीज शेजारच्या बीटीएम लेआउटमध्ये निम्हान्सचे सेंटर फॉर वेल बीइंग आहे. रुग्णालयाच्या वातावरणाचा संकोच वाटणाऱ्यांसाठी ते सोयीचे पडते. १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झालेल्या टेलि मानस या सरकारी सेवेचे प्रमुख केंद्रही निम्हान्सच आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीतही बोलता येते आणि गरज पडल्यास पुढच्या उपचाराकडे पाठवले जाते.

पुन्हा येऊ नये म्हणून

एकदा नैराश्य येऊन गेलेल्या सुमारे निम्म्या लोकांना ते पुन्हा येते आणि प्रत्येक खेपेबरोबर पुढच्या खेपेची शक्यता वाढते. तीन किंवा अधिक वेळा नैराश्य येऊन गेलेल्यांसाठी झिंडेल सेगल, मार्क विल्यम्स आणि जॉन टीझडेल यांनी आठ आठवड्यांचा सजगतेवर आधारलेला अभ्यासक्रम तयार केला. उदास विचार आला की त्याच्यामागे न धावता तो येताना-जाताना पाहणे, हे त्यात शिकवले जाते आणि त्याने पुनरावृत्ती घटल्याचे चाचण्यांत दिसले आहे. याचे मूळ बौद्ध ध्यानपरंपरेत असले तरी इगतपुरीसारख्या विपश्यना केंद्रांतील दहा दिवसांचे मौन शिबिर म्हणजे हा उपचार नव्हे. नैराश्य सुरू असताना दीर्घ मौनात एकटे बसणे काहींना अपायकारक ठरू शकते, त्यामुळे ते बरे झाल्यावर आणि उपचारकाशी बोलूनच करावे.

बहुतेक पद्धतींत शेवटच्या बैठकीत एक पानभर टिपण लिहून घेतले जाते. त्यात तीन गोष्टी असतात: या वेळी घसरण कोणत्या खुणेने सुरू झाली होती, कोणत्या दोन-तीन कृतींनी ती थांबली, आणि पीएचक्यू-९ चे गुण दहाच्या वर गेल्यास कोणत्या दिवशी कोणाला फोन करायचा. या टिपणाची एक प्रत घरातल्या किंवा खोलीतल्या एका माणसाकडे दिलेली असते, कारण घसरण सुरू झाल्याचे स्वतःपेक्षा जवळच्या माणसाला सहसा आधी कळते.